चिक्कनदुर्गचा वीरगळ

वीरगळ पालथा पडला होता आणि त्याचे तीन तुकडे झाले होते.

यशवंतपूरच्या ठाण्यात इन्स्पेक्टर बिंदुमाधव कॉफीचा पहिला घोट घेत असतानाच फोन आला होता. आता ते चिक्कनदुर्गच्या पडक्या दरवाजाशी धापा टाकत उभे होते. एका दगडासाठी एवढा चढ! पण तक्रार चिकपेठेतले कापडाचे व्यापारी गुंडूराव यांची होती, आणि गुंडूरावांचे हात वरपर्यंत पोचत.

या दुर्गाच्या लढाईत पडलेला विठोजी हा गुंडूरावांचा मूळपुरुष आणि वीरगळ त्याचा, असं बंगळूरचं अख्खं मराठी मंडळ मानत आलं होतं. दर वर्षी हे घर इथे येई, दगडाला तेल-शेंदूर लावी, पायथ्याच्या बंगल्यात मुक्काम करी आणि पुढे वर्षभर मंडळात पहिला मान घेई.

"साहेब, चोर समोरच आहे," गुंडूरावांनी बोट रोखलं. "हा उमाकांत. माझा होणारा जावई. पुण्याचा इंजिनियर! काल दगडाचा पायथा यानंच खणला. पूजेला बूट घालून उभा होता. वर म्हणतो, हा दगड तुमचा नसेल. स्वल्प विचार करा, दुसरं कोण पाडणार?"

उमाकांतचा चेहरा उतरला होता. सरकारी कारखान्यातली नोकरी. पोलिसात नाव गेलं की नोकरी गेली, आणि लग्नही.

"का खणलंत?" बिंदुमाधवांनी विचारलं.

"खालची अक्षरं मातीत होती. त्यांचा ठसा घ्यायचा होता. मी कशाला पाडीन, साहेब? मला तर तो वाचायचा होता!"

"वाचलात?"

उमाकांतने गुंडूरावांकडे पाहिलं. "थोडासा," तो म्हणाला.

बिंदुमाधव वाकले. राखणदाराच्या खोपटातली पहार गवतात पडली होती. पायथा मोकळा केलेला. पहार घालून रेटलं की कुणाच्याही जोराने दगड पुढे कोसळला असता. तो कोसळला होता नेमका पूजेच्या चौथऱ्यावर. समई मात्र हातभर लांब, सरळ उभी होती. वात तेलात ओढून शांत केलेली. शेजारी नारळ आणि फुलं नीट रचलेली. चांदीचा करंडा तेवढा दगडाखाली चेपला होता आणि कुंकू चौथराभर सांडलं होतं.

"काल हे सगळं कुठे होतं?"

"इथेच, चौथऱ्यावर. एका रांगेत," नयना म्हणाली. गुंडूरावांची ही एकुलती एक मुलगी रडून रडून लाल झाली होती.

"आणि मुक्कामाला कोण कोण होतं?"

"बाबा, मी, हे आणि सुनंदाआत्या. राखणदार गावात गेला होता."

सुनंदाबाई, गुंडूरावांची थोरली बहीण, पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून उभी होती. सकाळपासून तिने तोंड उघडलं नव्हतं.

"बाई, सामान गोळा करा," बिंदुमाधव सहज म्हणाले.

तिने समई उचलली, नारळ उचलला, फुलं पदरात घेतली. मग सांडलेल्या कुंकवाला वळसा घालून ती बाजूला झाली. "नयना, ते तू भर."

बिंदुमाधवांच्या तोंडाला कॉफीचा कडवटपणा परत आला. आपला तर्क खोटा ठरावा, असं त्यांना नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

"गुंडूराव, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. पूजेला बूट न काढणारा माणूस दगड पाडण्याआधी समई शांत करून बाजूला ठेवील? हे देवभोळ्या हाताचं काम आहे."

"म्हणजे मी?"

"तुम्ही किंवा नयना असतात, तर घराण्याचा चांदीचा करंडा आधी उचलला असतात. समईच्या शेजारीच होता तो. सगळं उचललं आणि तेवढा ठेवला, कारण त्या हाताला कुंकू शिवायची मनाई होती." त्यांचा आवाज खाली आला. "सुनंदाबाई, का पाडलात?"

"पंधराव्या वर्षी माझं कपाळ पुसलं," ती म्हणाली. "विसाव्या वर्षी शाळेच्या मास्तरांनी मला मागणी घातली. मला हवे होते ते. अप्पासाहेबांनी, आमच्या वडिलांनी, मला इथे आणून या दगडावर हात ठेवायला लावला. विठोजीच्या वंशातली बाई दुसरं घर करत नाही, म्हणाले. मी सरी, बरं म्हटलं. मास्तर न सांगता गाव सोडून गेले. काल हा पोरगा म्हणाला, दगड आपला नसेल. नसेल तर मी कशासाठी जळले? ती अक्षरं कुणी वाचूच नयेत म्हणून पाडला."

मग गुंडूराव इन्स्पेक्टरांजवळ सरकले. "साहेब, मिटवा. याचंच नाव राहू दे. हा बाहेरचा. अक्काचं नाव गेलं तर घराची अब्रू..."

"बाबा!" नयना ओरडली आणि उमाकांतच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"काय वाचलंस ते सांग," सुनंदाबाई उमाकांतला म्हणाली. "आता काय राहिलंय? सांग."

"आत्याबाई, हा विठोजीच्या आधी तीनेकशे वर्षांचा आहे. गाई सोडवताना मेलेल्या कुणा गावकऱ्याचा. मी काल दुपारीच गुंडूरावांना सांगितलं. हे म्हणाले, आम्हाला ठाऊक आहे, बायकांपुढे बोलू नकोस."

सुनंदाबाई भावाकडे वळली. "तुला ठाऊक होतं, गुंडू?"

"अप्पासाहेबांनी मरताना सांगितलं," गुंडूराव पुटपुटले. "त्यांना एकानं वाचून दाखवलं होतं. तुझ्या त्या मास्तरानं. दगड तुमचा नाही, आता मुलीला मोकळी करा, असं सांगायला आला होता. अप्पांनी माणसं घालून त्याला गावाबाहेर काढलं."

बिंदुमाधवांनी खिशातलं पेन काढलं. दगड पाडल्याचा गुन्हा होता, तो त्यांना लिहावा लागणार होता. बाकीच्याला कलम नव्हतं. गुंडूरावांकडे बघायचीही त्यांना किळस आली.

सुनंदाबाईने पदरातली फुलं चौथऱ्यावर ठेवून दिली.

"साहेब, तुमची जीप कुठं उभी आहे?" तिने विचारलं, आणि कुणाची वाट न पाहता ती गड उतरू लागली.