घड्याळवाल्या काकांचा डावा हात

व्यायामाच्या खोलीत व्हिडिओ गेमचा कन्सोल कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही. दिवा जरा इकडे सरकवा… हां, असू दे तिथेच.

मी तेव्हा एका पुनर्वसन केंद्रात हातांचे व्यायाम घ्यायचे. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेली माणसं आमच्याकडे महिना-दोन महिने राहायची. चेंडू दाबा, खुंट्या उचला, बटणं लावा, याला कुणीही चार दिवसांत कंटाळतं. म्हणून कुणाच्या तरी घरातून एक जुना कन्सोल आणि पाच-सहा खेळ आले, तेव्हा मी ते टीव्हीला जोडून टाकले. प्रत्येक पेशंटचं एक खातं उघडलं. खेळात काही साधलं की पडद्याच्या कोपऱ्यात ‘टिंग’ वाजून अचिव्हमेंटची पट्टी सरकायची आणि सत्तरीचे आजोबा शाळकरी पोरासारखे ओरडायचे, “लागलं, लागलं!” प्रत्येक अचिव्हमेंटखाली तारीख आणि वेळ आपोआप पडायची. माझं प्रगतिपुस्तक फुकटात भरायचं.

कुठलाही खेळ पेशंटच्या हाती देण्याआधी मी स्वतः खेळून बघायचे आणि वहीत चार ओळी खरडायचे. ‘मासेमारी : संथ. पण गळाला मासा लागला की कंट्रोलर हातात थरथरतो, ते सगळ्यांना आवडतं. पहिल्या माशाला अचिव्हमेंट, दहाव्याला, मग एकदम पाचशेव्याला. पाचशे मासे कोण धरणार, देव जाणे.’ ‘मोटारशर्यत : अंगठ्याला उत्तम, मानेला वाईट, वळण आलं की सगळे खुर्चीसकट वळतात.’ आणि एक, ‘कुलपांचा खेळ : चोर होऊन कुलपं उघडायची. दोन्ही अंगठे एकाच वेळी केसभर, अगदी केसभर फिरवावे लागतात. मला तिसरं कुलूप उघडेना. पेशंटना देऊ नये, उगीच हिरमुसतील.’

तो खेळ मी कपाटात न ठेवता यंत्रातच राहू दिला. एवढंच माझं चुकलं असेल.

घड्याळवाले काका आमच्याकडे आले ते चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून. माणूस डावरा, आणि गेला होता तो नेमका डावाच हात. मनगटापासून खाली ओल्या रुमालासारखा लोंबायचा. पहिल्याच दिवशी मी तो हातात घेतला तर म्हणाले, “हा माझा नाही, मॅडम.”

आजारात असं होतं. मेंदूची एक बाजू दुखावली की माणूस स्वतःचा हात ओळखत नाही. मी फाइलमध्ये तसं लिहिलं आणि हसत विचारलं, “मग तुमचा कुठाय?”

“कामाला गेलाय.”

खोलीतले सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. काकू म्हणजे त्यांची बायको. रोज दहाला यायच्या, चारला जायच्या. येता-जाता काकांचा चष्मा पुसायच्या, आणि त्या मेलेल्या हाताची नखं इतक्या हलक्या हाताने कापायच्या की बघणाऱ्याला वाटावं, झोपेतून कुणी उठेल.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी मी मासेमारीसाठी काकांचं खातं उघडलं. खाली अलीकडे खेळलेल्या खेळांची यादी येते. त्यात सगळ्यात वर कुलपांचा खेळ होता. ‘पहिलं कुलूप’. ‘दहा कुलपं’. ‘एकही चूक न करता’. वेळ दुपारी एक ते दोनच्या मधली. तीन दिवस, ओळीने.

एक ते दोन आमची जेवणाची सुट्टी. खोलीला कुलूप असतं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक मोठ्या सिस्टरकडे.

मी सरळ सिस्टरना जाऊन विचारलं. त्यांनी घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. “मला टीव्हीचा आवाज वाढवता येत नाही, आणि मी कुलपं उघडतेय? कुणाला सांगू नका, हसतील.”

त्या हसण्यावारी नेत होत्या, पण मी रात्रभर त्यांच्याकडच्या किल्लीचाच विचार केला. संशय हा भातातल्या खड्यासारखा असतो, एकदा दाताखाली आला की पुढचा प्रत्येक घास चाचपून खाल्ला जातो. सिस्टर नाहीत, तर मग काकू? जेवणानंतर त्या नेहमी बागेत चक्कर मारायला म्हणून जायच्या. त्या चक्करेला एक तास कसा लागतो?

बुधवारी जेवण सोडून मी खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. सिस्टरचीही मागून घेतली होती, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. व्हरांड्यात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तोही हळूहळू थांबला. एक वाजून दहा… पंधरा… वीस.

आतून ‘टिंग’ वाजलं.

मी कुलूप उघडून आत गेले. टीव्ही चालू होता. पडद्यावर एक तिजोरी अर्धवट उघडी. कंट्रोलर आपल्या स्टँडमध्ये, जसा मी ठेवला होता तसाच. खिडकीला गज. खोलीत कुणी नाही… पण वास होता. यंत्रांत घालतात त्या पातळ तेलाचा, आणि त्याखाली गरम पितळेचा.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंट्रोलर दोन होते! बिनतारी. दुसरा गेले काही दिवस मला सापडत नव्हता. आणि व्यायामाच्या खोलीला लागूनच वॉर्ड, काकांची खाट भिंतीच्या पलीकडे. म्हणजे म्हातारा पांघरुणाखाली कंट्रोलर घेऊन खेळतोय. हात बरा आहे, आणि हा सोंग करतोय. शुक्रवारी डॉक्टर त्यांची तपासणी करणार होते, घरी पाठवायचं की ठेवायचं ते ठरणार होतं. घरी जायचं नाही म्हणून सोंग करणारी माणसं मी पाहिली होती. आणि नवऱ्याच्या सोंगाला साथ देणाऱ्या बायकाही.

मला इतका राग आला म्हणून सांगू! तीन आठवडे मी त्या हातासाठी घाम गाळत होते.

गुरुवारी एक वाजून वीस मिनिटांनी मी थेट वॉर्डात गेले. सगळे जेवून पेंगले होते. काकू नव्हत्या. काका उताणे झोपलेले, तोंड किंचित उघडं. मी खाटेजवळ पोचते तोच भिंतीपलीकडून आलं… टिंग.

मी पांघरूण ओढलं.

कंट्रोलर नव्हता. उशीखाली नव्हता, गादीखाली नव्हता. डावा हात चादरीवर पडला होता, तळवा वर, काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखा. तरीही माझं मन मानेना. माझ्या छातीवर नावाची पट्टी असायची, तिची पिन मी काढली… हे सांगताना मला आजही लाज वाटते. त्यांच्या अंगठ्याच्या पेरात मी ती पिन खुपसली. चांगली खोल.

पापणीसुद्धा हलली नाही. पिन बाहेर काढली. बारीकसं भोक दिसलं, कोरडं. रक्ताचा टिपूस नाही.

आणि शेजारच्या खोलीत काहीतरी धप्पकन खाली पडलं.

मी धावले. कुलूप उघडलं. स्टँडमधला कंट्रोलर फरशीवर पडला होता, पडद्यावर खेळ थांबलेला. मी तो उचलला. जिथे डावा अंगठा टेकतो त्या दांडीवर एक थेंब होता. लाल. मी बोट लावलं… गरम होता.

मी रुमालाने तो पुसून टाकला. का पुसला, कुणाला दाखवला का नाही, मला विचारू नका. मीच टोचलं होतं ना.

परत आले तेव्हा काका जागे होते. छताकडे बघत म्हणाले, “आज काम लवकर सुटलं, मॅडम.”

शुक्रवारी मी फाइलमध्ये ‘सुधारणा नाही’ लिहिलं. आता ठेवून उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी घरी सोडलं. कन्सोलची वायर काढण्याआधी मी एकदाच यादी उघडली. सगळ्यात वरची अचिव्हमेंट गुरुवारची होती, ‘सगळी कुलपं’. त्या खेळात आता उघडायला काहीच उरलं नव्हतं.

दीड महिन्याने काकूंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. “मॅडम, हात चालायला लागला! एकदा येऊन बघून जा. तुमचेच कष्ट.”

मी गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणंही जमेना. सकाळची वेळ, दोन जिने चढून घर, खिडकीतून भरपूर ऊन. काका खिडकीपाशी टेबलाला लागून बसले होते, फार वाळले होते. टेबलावर एक मनगटी घड्याळ उघडून ठेवलेलं, आणि त्यांचा डावा हात बारीक पेचकस घेऊन त्यात काम करत होता. चपळ, नेमका. काका मात्र खिडकीबाहेर बघत होते. हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“आला की हात परत, काका!” मी उसनं हसून म्हटलं.

“आलाय खरा…” ते थांबले. बोलायला त्यांना हल्ली वेळ लागत होता. “पण मला विचारून काही करत नाही.”

काकूंनी चहा दिला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, म्हणजे मी आणि काकूच बोललो. बोलता बोलता काकांची मान कलली. काकूंनी त्यांच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली. “अहो, आत येता का पडायला?” ते घोरत होते. काकू पेले घेऊन आत गेल्या.

पेचकस थांबला नव्हता.

मी उठले. माझी पर्स टेबलावर होती, ती घ्यायला वाकले, तोच त्या हाताने पेचकस बाजूला ठेवला… नीट, घड्याळाला समांतर… आणि माझं मनगट धरलं.

काका घोरतच होते. पकड कोरडी होती, गरम, आणि त्या वाळलेल्या माणसात असेल त्याच्या दसपट ताकदीची. मी ओढून पाहिलं. बोटं आणखी घट्ट झाली.

“काकू…” मी आतल्या दाराकडे बघत हाक मारली. “काकू…”

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. टेबलापाशी वाकल्या, परक्याच्या घरी लेकराला समजवावं तशा, आणि हळूच म्हणाल्या, “सोड बघू त्यांना. उशीर होतोय त्यांना.”

एकेक बोट उघडलं. करंगळी आधी, अंगठा सगळ्यात शेवटी.

“असा हट्ट करतो कधी कधी,” काकू म्हणाल्या. माझी नजर मात्र त्यांनी टाळली.

मी बाहेर पडले. माझ्यामागे दार लागलं. पहिल्याच पायरीवर कठडा धरून चपला चढवत होते, तेव्हा बंद दारातून काकूंचा आवाज आला. दबका, लाडीगोडीचा.

“ह्याच का रे त्या टोचणाऱ्या?”

आतून काकांचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

मग टेबलावर पेचकस एकदाच वाजला… टक.