शेपूट येईपर्यंत

माणूस तोंडानं थापा मारेल, पण त्याचे बूट मारत नाहीत, असं टॅम्सिन बोलिथो नेहमी म्हणायची. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, पोर्थवेलन बंदराच्या चढावर तिचं बुटांचं दुकान होतं. वडिलांच्या वेळचं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तिची नजर आधी पायांकडे जायची, मग चेहऱ्याकडे. एकदा एक गृहस्थ छाती पुढे काढून सांगत होते, "मी याच बुटांनी रोज पाच मैल चालतो." टॅम्सिननं बूट हातात घेऊन उलटा केला. तळाला किमतीची चिठ्ठी जशीच्या तशी होती. दुकानात जो हशा पिकला, त्यात ते गृहस्थच सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि जाताना मोज्यांचे दोन जोड घेऊन गेले.

तर मे महिन्यातल्या सुटीच्या सोमवारी गावाची भ्रमंती होती. पोराबाळांसकट. बंदरापासून वर जंगलातल्या घळीतून चढायचं, मग कड्याच्या माथ्यावरून पलीकडच्या खाडीला उतरायचं, तिथं मिसेस किटोंच्या घरी चहा प्यायचा आणि आल्या वाटेनं परत. तेवीस माणसं जमली होती. पोरं तर अशी उधळली होती, की बंदरावरचे समुद्रपक्षीसुद्धा छपरावर जाऊन बसले.

पुढे चालणार होता डेन्झिल हॉस्किन. आयुष्यभर नाव चालवली, त्यामुळे कुजबुज केली तरी ती पलीकडच्या काठावर ऐकू जायची.

"टॅम्सिन राणी, आज शेपूट तू!" त्यानं नारिंगी बंडी तिच्या अंगावर फेकली.

"मी? पोराबाळांच्या मागनं नाकं पुसत येऊ?"

"तुझ्या दुकानातले बूट घालून जे लंगडतील, त्यांना उचलून आण!"

मग तो पोरांकडे वळला. "वाट फुटेल तिथं मी एकाला उभा करणार. त्याला काय म्हणायचं?"

"खांब!"

"खांबानं काय करायचं?"

"हात लांब करून वाट दाखवायची!"

"कुठवर?"

"शेपूट येईपर्यंत!"

"आणि शू लागली तर?"

"शेपूट येईपर्यंत!" पोरं किंचाळली आणि हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

शेपटानं येऊन खांबाच्या खांद्यावर थाप मारायची, 'सुटलास' म्हणायचं, तेव्हाच खांबानं जागा सोडायची. त्या गावात ही रीत देवळातल्या प्रार्थनेइतकी पक्की होती. टॅम्सिनची आठ वर्षांची एलोवेन तर आठवडाभर आरशासमोर हात लांब करून उभी राहत होती. तिला शेवटचा खांब व्हायचं होतं, माथ्यावरचा.

"माथ्यावर?" टॅम्सिननं डेन्झिलकडे पाहिलं.

"अगं, आतल्या नव्या वाटेवर. कडा तिथून लांब आहे," डेन्झिल म्हणाला. मग जवळ येऊन त्यानं तिचा दंड धरला, जरा जास्तच घट्ट. "तीन खांब. मोजून तीन. विसरू नकोस."

घळीत शिरल्यावर सगळी निळाई होती. ओकच्या झाडांखाली निळ्या घंटाफुलांचा गालिचा पार ओढ्यापर्यंत उतरला होता आणि पायाखाली चिरडलेल्या रानलसणीचा वास नाकात भरत होता. पोरं ओढ्यात काठ्या सोडून शर्यती लावत होती. लाकडी पुलापाशी पहिला खांब भेटला, गावचा पोस्टमन. टॅम्सिननं थाप मारली, तसा तो लांब ढांगा टाकत पुढच्या लोकांत जाऊन मिसळला. जंगल संपतं तिथं दुसरा खांब, म्हणजे जागो आणि त्याची बायको ब्रायनी. जागोच्या पाठीवरच्या झोळीत त्यांचं दहा महिन्यांचं बाळ.

"सुटलात रे दोघं! बाळालाही सोडलं!"

"हिच्या तावडीतून सोडव, तर खरं," जागो म्हणाला आणि ब्रायनीनं त्याच्या डोक्यात फुलं मारली.

ती तिघं माथ्यावर आली आणि समुद्रावरून धुकं आलं. असं नव्हे की हळूहळू आलं. दुकानाचं शटर ओढावं तसं आलं. पुढच्यांचे हसण्याचे आवाज मध्येच तुटले. शेवाळाचा, खाऱ्या पाण्याचा, जुन्या ओल्या लोकरीचा वास दाटला. भर दुपारी दहा पावलांपलीकडचं दिसेना.

"मजा आहे!" ब्रायनी म्हणाली. खरंच मजा वाटत होती. टॅम्सिनचंही काळीज उत्सवातल्यासारखं उडत होतं.

मग पुढे कुणीतरी उभं दिसलं. हिरवा रेनकोट, डोक्याला रुमाल बांधलेली, चांगली अंगानं भरलेली, पाठमोरी बाई. डावा हात लांब केलेला. अगदी सरळ.

"आला तिसरा खांब," जागो म्हणाला. "थँक यू हं, बाई!" आणि ती दोघं बोलत बोलत डावीकडे वळली. बाळ झोळीतून बाईकडे वळून वळून हसत होतं.

टॅम्सिनला हायसं वाटलं. डेन्झिलनं बेत बदललेला दिसतोय, एलोवेनला आपल्याजवळच ठेवलंय. ती थाप मारायला पुढे झाली आणि सवयीनं तिची नजर आधी पायांकडे गेली.

तपकिरी चामड्याचे बूट, लाल नाड्या. हा माल तिच्या वडिलांनी विकला होता. तिनं दुकान हातात घेतल्यावर एकदाही मागवला नव्हता. टाचेपासून नाडीपर्यंत शेवाळ चढलेलं. चिकटलेलं नव्हे... वाढलेलं. नाड्यांच्या भोकांतून गवताची पाती वर आली होती, आणि ती जमिनीतल्या गवताशी एक झाली होती.

उजवीकडून, लांबून, बारीक आवाज आला. "आई...? शेपूट आहेस का तू?"

तिसरा खांब तिकडे होता. मोजून तीन.

मग डावीकडे...? डावीकडची जुनी वाट नऊ वर्षांपूर्वीच कड्यासकट समुद्रात गेली होती.

टॅम्सिन धावली. "जागो! थांब! पाऊल टाकू नकोस! ब्रायनी, धर त्याला!"

"काय झालं गं?" जागो हसतच वळला. त्याच्या टाचेखालचा एक दगड सुटला. तिघंही कान देऊन उभी राहिली. दगड खाली पडल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मग फार खोलवर लाटेनं तो गिळला.

जागोचा चेहरा धुक्याहून पांढरा झाला. एकमेकांचे हात धरून, एकेक पाऊल चाचपत ती परत आली. बाई तशीच उभी होती. हात तसाच.

"चला... बघू नका तिच्याकडे... चला," ब्रायनी पुटपुटली.

टॅम्सिनलाही पळायचंच होतं. तिकडे पोर एकटी होती. पण उद्या दुसरं कुणीतरी धुक्यात इथं येईल, हा हात बघेल आणि थँक यू म्हणून वळेल. शिवाय खांब तो खांब. त्याला सोडल्याशिवाय शेपटानं पुढे जायचं नसतं, हे तिला तिच्या आजोबांनी शिकवलं होतं.

तिनं डोळे मिटले आणि हिरव्या खांद्यावर थाप मारली. हात ओल्या शेवाळात रुतावा तसा मनगटापर्यंत आत गेला.

"शेपूट आलं, बाई..." ती म्हणाली. "सुटलात."

लांब केलेला हात खाली आला, सावकाश, बऱ्याच वर्षांत न उघडलेल्या फाटकासारखा करकरत. गवत उपटल्याचा आवाज झाला. एक पाय निघाला. दुसरा निघाला. आणि बाई चालू लागली. उजवीकडे. एलोवेन होती तिकडे.

"एलोवेन!" टॅम्सिन ठेचकाळत, ओरडत तिच्या मागं सुटली. पुढे धुक्यात हिरवं काही दिसेना. फक्त ओल्या बुटांचा चपचप आवाज. मग तोही थांबला.

नव्या वाटेच्या फाटकापाशी एलोवेन उभी होती. हात सरळ, गाल लालबुंद, डोळ्यांत अभिमान मावत नव्हता.

"मी हलले नाही आई! हात दुखला तरी नाही!"

टॅम्सिननं तिला उराशी दाबलं. "सुटलीस, बाळा... सुटलीस. इथून कुणी गेलं का गं?"

"एक काकू आल्या. म्हणाल्या, तुला सोडायला कोण येणार? मी म्हटलं, माझी आईच शेपूट आहे. मग त्या म्हणाल्या, नशीब काढलंस."

"आणि गेल्या कुठे?"

एलोवेननं खांदे उडवले.

मिसेस किटोंच्या अंगणात ऊन पडलं होतं. ताज्या स्कोनवर, म्हणजे गोडसर पावांवर, जॅम आधी की साय आधी, यावर नेहमीची लढाई जुंपली होती आणि 'साय आधी' म्हणणाऱ्या एका पाहुण्याला पोरांनी टेबलाखाली पिटाळलं होतं. डेन्झिलनं माणसं मोजली. तेवीस. बरोबर तेवीस. मिसेस किटोंनी हिरव्या रेनकोटातली कुणी बाई पाहिली नव्हती.

टॅम्सिन त्याला बाजूला घेऊन सगळं बोलली. त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"लव्हडे ट्रेगियर," तो म्हणाला. प्रथमच त्याचा आवाज दोन पावलांपलीकडे गेला नाही. "नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी शेपूट मी होतो. असंच धुकं. तीन खांब सोडले आणि घरी गेलो. ऐनवेळी चौथा उभा केलाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं... मीही विचारलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तो कडा तिला घेऊन गेला. ती तिथून पळू शकली असती, टॅम्सिन. पण ती बाई शब्दाची पक्की होती."

त्यानं स्कोनची ताटली दूर सारली. मग म्हणाला, "तू सोडलंस तिला. देव तुझं भलं करो." आणि त्यानं नाक शिंकरलं.

परतताना आभाळ लख्ख होतं. समुद्र चांदीच्या ताटासारखा, रांगेच्या पुढच्या टोकाला गाणी, जागोच्या पाठीवर बाळ झोपलेलं. टॅम्सिन सगळ्यांच्या शेवटी, एलोवेनचं बोट धरून. तिच्या मागं वाट मोकळी होती. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं तिला हलकं वाटत होतं आणि घर गाठायच्या ओढीनं पावलं आपोआप भरभर पडत होती. घळीतल्या निळ्या फुलांत शिरल्यावर तिच्या लक्षात आलं, की पोर दर वळणावर मागं बघून हात हलवतेय.

"आई," एलोवेन तिचं बोट ओढत म्हणाली, "जरा हळू चाल ना. त्या काकूंना धाप लागलीय."