ऑर्व्हिल नॉर्डीनची मोजदाद

शेगडीत एक लाकूड टाक रे, आणि दार नीट ओढून घे.

ही गोष्ट माझी नाही, माझ्या मेव्हण्याची. मर्लची. मर्लला तुम्ही सगळे ओळखता. पाऊस पडतोय म्हटलं तरी बाहेर हात काढून बघणारा माणूस. थापा त्याला जमतच नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा मंगळवार. दुपारी त्याला जोलीनचा फोन आला. ऑर्व्हिल नॉर्डीनची धाकटी, सिएटलला असते ती. ऑर्व्हिल ऑक्टोबरात गेला होता. पोरांनी घर रिकामं केलं, सामान वाटून घेतलं, घर तापवायच्या गॅसची टाकीसुद्धा परत दिली, आणि नळाचं पाणी बंद करायचं तेवढं राहिलं. थंडीची लाट येणार होती. पाइप फुटले तर घर कोण घेणार? मर्लकाका, एवढं करून याल का, म्हणाली. मर्ल म्हणाला, जातो की.

तुम्हाला ऑर्व्हिल म्हणजे चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा म्हातारा एवढाच आठवत असेल. आम्हाला त्यानं पोहायला शिकवलं. नेब्रास्कातला पोरगा, तळ्यापेक्षा मोठं पाणी बघितलेलं नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी नौदलात गेला. सहा वर्षांनी परत आला, धान्याच्या कोठारावर नोकरीला लागला, व्हर्नाशी लग्न केलं, तीन पोरं झाली. उन्हाळ्यात संध्याकाळी गावच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभा राहायचा आणि आमची डोकी मोजायचा. सारखा. एकदा आम्ही मुद्दाम एकाला शिडीमागं लपवला. ऑर्व्हिलनं बुटांसकट उडी टाकली. वर आला तेव्हा त्याचा चेहरा... त्यानंतर ती थट्टा कोणी केली नाही.

त्याचं कारण पुष्कळ वर्षांनी व्हर्नानं माझ्या बहिणीला सांगितलं. बोटीवर एका रात्री पहारा ऑर्व्हिलचा होता. सकाळी हजेरीला एक पोरगा कमी भरला. समुद्र शांत होता, कोणी ओरडलं नव्हतं. कधी पडला, कळलंच नाही. ऑर्व्हिलला कोणी दोष दिला नाही. त्यानं स्वतःला किती दिला, ते आपल्याला काय ठाऊक.

म्हणून रोज रात्री हा माडीवर जायचा, एकेका पोराचं दार उघडायचा, बघायचा, मोजायचा, दार लावायचा. पोरं चिडवायची, "बाबा, घरातून समुद्रात कोण पडणार आहे?" पुढं पोरं गेली आपापल्या वाटेनं. व्हर्ना गेली. तरी ह्याचं चालूच. रात्री त्या रस्त्यानं कोणी गेलं की दिसायचं. माडीवर एक दिवा लागायचा, विझायचा. मग दुसरा. मग तिसरा. तीन रिकाम्या खोल्या.

तर मर्ल तळघरात उतरला, पाणी बंद केलं, सगळ्या तोट्या सोडून पाइप रिकामे केले. वर येतो तो बाहेर पांढरं. बर्फ आडवं येत होतं. पिकअप काढली, ती फाटकापाशीच चारीत गेली. तिथं फोनला रेंज कधीच नव्हती. शेजारचं घर तीन मैलांवर, आणि रस्ता दिसत नव्हता. मुकाट्यानं घरात परतला.

घरात गादी नाही, पडदा नाही, ऊब नाही. वाऱ्याच्या आडोशाला एकच खोली होती, माडीवरची शेवटची. जोलीनची. तिथं जमिनीला ठोकलेला गालिचा तेवढा उरला होता. कोट गळ्यापर्यंत लावून भिंतीला टेकून बसला. झोपायचं नाही, हे त्याला माहीत होतं. मोठ्यानं बोलत राहिला, हातपाय आपटत राहिला.

रात्री एकच्या सुमाराला हुडहुडी थांबली.

बरं वाटायला लागलं. गरम वाटायला लागलं. हे लक्षण वाईट, तेही त्याला माहीत होतं. पण उठवेना. बोटं हलेनात.

आणि जिन्यावर पाऊल वाजलं.

सावकाश. एक पायरी... मग दुसरी. म्हाताऱ्या गुडघ्यांची चाल.

पहिलं दार उघडलं.

काही नाही... बराच वेळ काही नाही.

दार लागलं.

दुसरं दार उघडलं. या वेळी जास्त वेळ. कोणीतरी श्वास घेतला. दार लागलं नाही. पावलं निघाली. आता भरभर.

या खोलीचं दार उघडलं.

मर्लला काही दिसलं नाही. अंधार होता. पण दारात कोणीतरी उभं होतं, ते कळत होतं.

"एक," आवाज आला.

हळू. तलावाच्या काठावर यायचा तसाच.

मग...

"बाकीचे कुठे?"

मर्ल म्हणतो, भीती तिथंच गेली. इतक्या वर्षांत त्या माणसाला याचं उत्तर कोणी दिलं नव्हतं. जीभ जड झाली होती, तरी तो बोलला.

"सुखरूप आहेत, ऑर्व्हिल. सगळे आपापल्या घरी. तू झोप आता."

दार लागलं नाही. पावलंही परत गेली नाहीत. आणि मर्लला, नको नको म्हणताना, झोप लागली.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्याला घाम फुटला होता. अंगावर घोंगडी होती. करडी, जाड, लोकरीची, नौदलात बोटीवर देतात तसली, चारी बाजूंनी अंगाखाली घट्ट खोचलेली. रिकामं घर ते, पोरांनो. पाय पुसायला फडकं नव्हतं तिथं.

जोलीनला विचारलं. तिनं असली घोंगडी जन्मात पाहिली नव्हती. भावांनीही नाही.

घोंगडी मर्लकडेच आहे, गराजात. गेल्या जुलैभर त्यानं ती दोरीवर टाकली होती, भर उन्हात, मका करपायची वेळ आली होती तेव्हा. बाकी सगळी खडखडीत वाळली. एक कोपरा तेवढा वाळत नाही.

मी हात लावून पाहिलाय. ओला. आणि गार.