सात दोऱ्यांचा कोट

शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ढोकीजवळच्या एका रिकाम्या गोदामातून कोट नाहीसा झाल्याचं लक्षात आलं. कोट घोंगड्याचा होता. मार्च संपत आला होता आणि प्रेक्षक पुठ्ठ्यांनी वारा घेत होते.

घोंगड्याचा कोट उन्हाळ्यात कशाला, हा प्रश्न बसवेशनं दुपारीच विचारला होता. फॅशनच्या धंद्यात थंडीचे कपडे दोन हंगाम आधी दाखवतात, असं त्याला सांगण्यात आलं.

"म्हणजे बियाण्यावाल्यासारखं," तो म्हणाला. "पेरणीच्या आधी पाकीट."

बसवेश आपली वहिनी जगदेवी हिच्याबरोबर आला होता. जगदेवीचं धाराशिवात खासगी तपासाचं ऑफिस होतं. त्यातली बहुतेक कामं लग्नाच्या स्थळांची चौकशी करण्याची असत. त्या दिवशीही ती अशाच कामावर होती. गोदामाच्या भिंतीवर रुद्रेश नावाच्या तरुण चित्रकाराची कलाकृती लावलेली होती, आणि लातूरच्या एका वधूपित्याला रुद्रेशची माहिती हवी होती.

शिवप्रिया पडद्याआडून धावत आली. कपडे तिचे, कार्यक्रम तिचा.

"जगदेवीकाकू, शेवटचा कोट गेला. पोलिसांना सांगितलं तर सगळ्यांना कळंल."

"आणि कळलं तर?"

शिवप्रियानं पहिल्या रांगेकडं बोट केलं. तिथं पुण्याच्या कपड्यांच्या एका मोठ्या दालनाच्या देवस्थळीबाई घड्याळ बघत बसल्या होत्या. "त्यांनी फक्त त्या कोटाचा फोटो बघून इथवर येणं मान्य केलं. कोट रॅम्पवर चाललेला दिसला तरच करार. न्हाय तर उद्यापासून मी आमच्या आप्पांच्या दुकानात टॉवेल विकणार. त्यांनी गल्ला पुसूनसुद्धा ठेवलाय."

"बाई कधी निघणार?"

"सोलापूरहून रात्रीची रेल्वे आहे त्यांची. आता धनगरी ओवी चालू आहे तोवर वेळ आहे. ओवी संपली की कोट बाहेर यायचा होता. पत्रिकेत ओवीला दहा मिनिटं दिलीत."

गाळप संपल्यामुळं उसाच्या ट्रॉल्या मोकळ्या होत्या. त्याच एकामागं एक लावून, वर फळ्या टाकून रॅम्प केला होता. टोकाच्या ट्रॉलीत फळ्या नव्हत्या. तिथं ओवी म्हणणारे गुंडाप्पा आणि त्यांचा मेळ ढोल घेऊन बसला होता. बाजूचे पत्रे उंच, त्यामुळं खालून फक्त फेटे आणि ढोल दिसत.

"त्यांनी लई तरास दिला," बसवेश म्हणाला. "म्या खुर्च्या नेल्या, बसंनात. हिरवा गालिचा टाकला, त्याच्यावर बी बसंनात. तासभर उभेच. मग बसले एकदाचे. म्या माईक लावून आलो."

फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं, की कार्यक्रम सुरू झाल्यापासून हातात गाठोडं घेऊन कोणीही बाहेर गेलं नव्हतं.

जगदेवीनं आधी रुद्रेशला गाठलं. त्याच्या कलाकृतीचं नाव 'ऊब : तीन' असं होतं. मोठमोठ्या पत्र्यांवर जुनी घोंगडी चिकटवली होती. डिंकाचा वास अजून येत होता.

"मी तो कोट भिंतीसाठी मागितला होता," रुद्रेश म्हणाला. "तिनं दिला नाही. म्हणून मी चोरीन?"

"ही घोंगडी कुणाची?"

"मेळातल्या लोकांचीच. सकाळी त्यांनी इथं ठेवली होती. मला वाटलं, माझ्यासाठीच आणलीत. आता पत्र्यासकटच निघतील."

"दारू घेता?"

"याचा कोटाशी काय संबंध?"

"काही नाही. ते वेगळं काम आहे."

कोटाचं घोंगडं सखूबाईंनी विणलं होतं. बेंबळीच्या सखूबाई दुसऱ्या रांगेत, पाय वर घेऊन बसल्या होत्या. 'माझं घोंगडं पोरीच्या अंगावर टांगून नाचवायलेत,' असं त्या दुपारी मोठ्यानं म्हणाल्याचं तिघांनी ऐकलं होतं.

"म्हणलं की. पण म्या कशाला चोरू? मला आणखी इणता येतंय."

"मग रागावलात कशाला?"

"राग न्हाय. कात्री लावायची न्हाय असं म्या सांगितलं हुतं, आन् पोरीनं लावली न्हाय. नुसतं दुमडलं आन् सात दोऱ्यांनी बांधलं. दोऱ्या सोडल्या की माझं घोंगडं जसंच्या तसं. मानली म्या तिला."

शेवटी वर्षाराणी. कोट घालून चालायचं काम तिचं होतं. तामलवाडीची, गुंडाप्पांची नात. कोट दिसत नाही म्हणून शिवप्रिया रंगपटात ओरडली, तेव्हा ती तिथंच होती. आताही ती आरशासमोर सगळा साज घालून बसली होती.

"कोट शेवटचा कधी बघितलास?"

"सहाच्या सुमारास. इथंच टांगला होता." ती थांबली. "मावशी, ओवी कुठवर आली?"

"चालू आहे. इथं कोण आलं होतं?"

"सगळेच येत-जात होते. आज्जा पण येऊन गेले, पाणी प्यायला." मग पुन्हा, "पण कुठवर आली असंल?"

बसवेशनं तेवढ्यात तिच्या पिनांच्या डब्यात हात घातला होता. त्यानं लोकरीचे सात लहान गुंडे बाहेर काढले, एकावर एक वेटोळं, टोक आत खोवलेलं.

"कोटाच्या दोऱ्या," मागं उभी असलेली शिवप्रिया म्हणाली.

"घाईत टाकून गेला चोर," बसवेश म्हणाला.

जगदेवीनं एक गुंडा उजेडात धरला. "भावजी, चला. सगळ्यांना त्या टोकाच्या ट्रॉलीपाशी बोलवा. आवाज करू नका."

ट्रॉलीच्या सावलीत ते उभे राहिले. वर ढोल वाजत होता, म्हणून जगदेवीला जवळ जाऊन बोलावं लागलं.

"घाईतला चोर दोऱ्या तोडतो. हिथं एकही दोरी तुटलेली नाही. सोडून, गुंडाळून, टोक खोवून ठेवल्यात. म्हणजे ज्यानं सोडल्या त्याला त्या पुन्हा बांधायच्या होत्या. पुन्हा बांधायच्या म्हणजे कोट परत आणायचा होता. ही चोरी न्हाय, उसनवारी आहे."

"कोट उसना कुणाला पाहिजे?" बसवेशनं विचारलं.

"कोट कुणालाच नको होता. सखूबाई म्हणाल्या ते ऐकलंत ना? दोऱ्या सोडल्या की कोट उरत नाही, घोंगडं उरतं. सगळे कोट शोधत होते. घोंगडं कुणीच शोधलं नाही. आज हिथं घोंगडं कुणाला पाहिजे होतं? ज्यांची रुद्रेशनं भिंतीला चिकटवली त्यांना. भावजी, मेळ खुर्चीवर बसला नाही, गालिच्यावर बसला नाही. मग शेवटी कशावर बसला? माईक लावायला तुम्हीच गेला होतात."

बसवेशनं आठवून बघितलं. "घोंगड्यावर."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय? ओवी म्हणणारे घोंगड्यावर बसणार न्हाय तर कशावर?"

जगदेवी वर्षाराणीकडं वळली. "सगळे मला विचारत होते, कोट कुठंय. तू एकटीनं दोनदा विचारलंस, ओवी कुठवर आली."

वर्षाराणीच्या डोळ्यातलं काजळ आता गालावर आलं होतं. "आज्जा म्हणाले, देवाची ओवी घोंगड्याबिगर म्हणणार न्हाय, आमी चाललो. ते गेले असते तर कार्यक्रमच बुडाला असता. पत्रिकेत दहाच मिनिटं लिहिली होती, शिवप्रियाताई. मला वाटलं, संपली की आणते, बांधते, घालते."

"मग आता आण," शिवप्रिया म्हणाली. तिनं स्वतःच चाकावर पाय देऊन ट्रॉलीच्या पत्र्यावरून आत हात घातला. पलीकडं काळं घोंगडं, त्याचा पांढरा काठ, आणि त्यावर मांडी घालून अख्खा मेळ.

सखूबाईंनी तिचा हात धरला.

"देव गात बसलेल्याच्या बुडाखालचं वढत्यात व्हय? ओवी संपल्याबिगर न्हाय."

"पण कधी संपंल?"

सखूबाईंनी कान देऊन चार ओळी ऐकल्या. "आता कुठं बिरोबाच्या आईचं लगीन ठरायलंय. देव जन्मायचाय, मोठा व्हायचाय, सगळं हाय अजून."

"दहा मिनिटं कुणी लिहिलं?" रुद्रेशनं विचारलं.

"छापणाऱ्यानं विचारलं, किती लिहू," शिवप्रिया म्हणाली. "मी अंदाजानं सांगितलं."

जगदेवीनं सगळा प्रकार देवस्थळीबाईंना जाऊन सांगितला. लपवून उपयोग नव्हता. बाईंनी ऐकून घेतलं, ड्रायव्हरला फोन करून गाडी काढायला सांगितली आणि पर्स उचलली. शिवप्रियानं डोळे मिटून घेतले.

बाई फाटकाकडं गेल्या नाहीत. त्या रॅम्पवर चढल्या, चपला फळीवर काढल्या आणि ट्रॉल्यांवरून चालत जाऊन टोकाच्या ट्रॉलीत उतरल्या. घोंगड्याचा काठ त्यांनी चिमटीत धरून बघितला. गाणं न थांबवता गुंडाप्पा हातभर बाजूला सरकले आणि त्यांनी जागा करून दिली. बाई बसल्या.

साडेआठपर्यंत मिळालेल्या माहितीनुसार गाडी फाटकाबाहेर उभी होती, ड्रायव्हर आत येऊन दोनदा वेळ सांगून गेला होता, आणि बाई उठल्या नव्हत्या. कराराबाबत काही कळू शकलेलं नाही.