सहरीच्या सहा गोळ्या

"आं? काय म्हणालात?"

बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसलेल्या फहमिदाने कपाळावर हात मारून घेतला. आज तिसऱ्यांदा!

निजामी अमदानीतलं औरंगाबाद, रमजानचे दिवस. शहागंजात वहाब कंपौंडरांचं औषधांचं दुकान होतं. त्यांची नजर अधू झाल्यापासून पडद्याआड बसून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायचं काम त्यांच्या लेकीकडे आलं होतं. आणि हिमरूचं नक्षीदार कापड विणणारा गयास डोकं धरून दुकानात आला, त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. बारीक नक्षी निरखून डोकं ठणकतं म्हणून तो अ‍ॅस्पिरिन न्यायचा. बोलणं गोड, डोळे हसरे… पण हल्ली प्रत्येक वाक्य तिला दोनदा बोलायला लावायचा. मेला मुद्दाम करतो, म्हणून ती चिडायची आणि… खरं सांगायचं तर सुखावायचीही.

आज मात्र चेष्टेची वेळ नव्हती. अब्बा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला आत गेलेले पाहून तिने सगळा धीर गोळा केला होता. "खुलताबादहून माझ्यासाठी रिश्ता आलाय. ईद झाली की अब्बा होकार देतील…"

आणि हा म्हणतो, काय म्हणालात!

"बहिरे झालात का?" ती कडाडली.

"व्हय," गयास ओशाळून म्हणाला. "चार दिवस झाले… कानात सारखी शिट्टी वाजतीय. पोटातबी आग पडतीय."

फहमिदा पडद्याजवळ सरकली. "गोळ्या कशा घेता?" तिने ओरडूनच विचारलं.

"दिवसा रोजा असतो ना. म्हणून दिवसभराच्या सहा… पहाटे सहरीच्या जेवणालाच, एकदम."

"या अल्ला! सहरीला दिवसभराचं जेवून घेतात, औषध नाय! खाल्ल्यावर, भरपूर पाण्यासंगं, मधी अंतर ठेवून घ्या, असं किती वेळा सांगितलं? जास्त झाली की हीच गोळी पोट जाळती, कान बसवती. द्या ती पुडी इकडं! एकबी घ्यायची नाय. आधी डॉक्टरांकडं जा!"

पडद्याखालून बांगड्यांचा हात बाहेर आला. गयासने निमूटपणे पुडी त्यावर ठेवली.

मग आठवडाभर त्याचा पत्ताच नाही! रागावला? की कान कायमचे गेले? तिला घास गोड लागेना.

ईदेच्या आदल्या दिवशी तो आला. अब्बा बाकावर पेंगत होते.

"कान?" तिने अगदी हळू विचारलं.

"बरे झाले. वेळेत थांबलात, म्हणाले डॉक्टर." तो पडद्याजवळ वाकला. "त्या दिवशी तुम्ही… आधी काय सांगत होता?"

तिने खुलताबादचं सांगितलं. पुटपुटली, तरी त्याला शब्द न् शब्द कळला. त्याचं हसू मावळलं.

"त्यांना नाय म्हणा," तो घाईघाईने म्हणाला. "उद्या माझी अम्मी लग्नाचा पैगाम घेऊन येतीय… तुमची मर्जी असली तर."

फहमिदाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. एकेक वाक्य दोनदा बोलवून घेतलं होतं याने! तिने कानामागे हात धरला.

"आं? काय म्हणालात?"

त्याने पुन्हा सांगितलं.

"ऐकू नाय आलं…"

तिसऱ्यांदा गयास असा ओरडला की समोरचा अत्तरवालाही वळून बघायला लागला.

"हौ रे बाबा, ऐकलं!" बाकावरून अब्बा डोळे न उघडताच म्हणाले. "ये म्हणावं अम्मीला."