उलटे बूट

कॅप्टन रॉडरिक हॅलम चांगला अधिकारी होता. यॉर्कच्या घोडदळ छावणीत हे कुणीही कबूल केलं असतं, आणि लगेच पुढे म्हटलं असतं, "पण मेजर ॲस्टली म्हणजे...!" या 'पण'नं हॅलमची उमेदीची सगळी वर्षं खाल्ली होती.

दोघं एकाच आठवड्यात रिसाल्यात दाखल झाले, तेव्हा दोघांनाही नुकतं मिसरूड फुटलेलं. क्रिमियात ज्या सकाळी रिसाला तोफांवर धावून गेला, त्या सकाळी हॅलम हगवणीनं तंबूत आडवा होता. जर्वस ॲस्टली भुवईवर जखम घेऊन परतला. त्या एका वणानं त्याला पदक मिळालं, हिंदुस्थानात बढती मिळाली, आणि पुढे यॉर्कमधल्या प्रत्येक नाचात मुली त्याच्याकडे बघत उभ्या राहू लागल्या. त्यातलीच एक लेटी. ती हॅलमची बायको झाली, कारण ॲस्टलीनं तिला मागणी घातलीच नाही. हॅलमला हे ठाऊक होतं आणि लेटीलाही. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

मग एका फेब्रुवारीत ॲस्टली फुप्फुसाच्या तापानं चार दिवसांत गेला. हॅलमला हायसं वाटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

अंत्ययात्रेची व्यवस्था त्याच्याकडेच आली. शवपेटीमागून ॲस्टलीची तांबूस घोडी ब्रायनी चालत होती. खोगीर रिकामं, रिकिबीत धन्याचे बूट, टाचा पुढे आणि चवडे मागे करून घातलेले. गेलेला स्वार जाता जाता आपल्या माणसांकडे तोंड करून बसतो, म्हणून ही रीत. दफन झालं की घोडी परत फिरवायच्या आधी बूट काढून घ्यायचे, हा रिसाल्याचा जुना दंडक.

कबरीभोवती क्रिमियातले दाढीवाले शिपाई हुंदके देत होते. आपल्यासाठी यातला एक तरी रडेल का, असं हॅलमच्या मनात आलं आणि त्यानं तिथंच हुकूम सोडला.

"मागे फिर! चला छावणीत!"

"साहेब, बूट राहिलेत अजून..." सार्जंट स्केल्टन पुढे आला.

"हुकूम ऐकू आला नाही का, सार्जंट?"

घोडी फिरली. बूट तसेच उलटे छावणीपर्यंत आले.

रिवाजाप्रमाणे मेजरचं सामान मेसमध्ये विकायला निघालं तेव्हा हॅलमनं ब्रायनी घेतली. तिनं आजवर ॲस्टलीखेरीज कुणाला पाठीवर टिकू दिलं नव्हतं. "पाडेल रे तुला," कर्नल हसले. "हाडं गोळा करायला टोपली पाठवू का?"

पण ब्रायनी शांत उभी राहिली. हॅलम चढला, तशी ती डौलात चालू लागली.

"वा! डोळे मिटले तर मेजरच आले वाटतं," कर्नल म्हणाले. हॅलमच्या तोंडाची चवच गेली.

मार्चमध्ये नदीकाठानं येताना पावसानं त्याला गाठलं. पाऊस समोरून, वाऱ्याबरोबर झोडपत होता. घरी येऊन त्यानं कोट काढला तर दंड आणि मांड्या चिंब, छाती मात्र कोरडी. जणू कुणी पुढे बसून ती झाकली होती. कोटाच्या छातीला लवंगेच्या तेलाचा मंद वास येत होता. ॲस्टली मिशीला ते तेल लावायचा.

आठवड्यानं स्केल्टननं त्याला तबेल्यात बोलावलं. ब्रायनीच्या खांद्यांवर, खोगिराच्या पोटपट्ट्याच्या बरंच पुढे, बारीक ताजे ओरखडे होते.

"बुटाच्या टाचेवरच्या काट्याचे आहेत, साहेब."

"काटा तिथं कसा पोचेल?"

"सरळ बसलेल्याचा नाही पोचत." स्केल्टन घोडीकडे बघत राहिला. "विका हिला, साहेब. माझं ऐका."

"आणि लोकांनी म्हणावं, हॅलमला झेपली नाही?"

त्यानं ती विकली नाही. ॲस्टलीची एक वस्तू आता आपली आहे, एवढ्यासाठी तो रोज सकाळी तिच्यावर चढत होता.

आणखी एक गोष्ट होती. हल्ली तो निघाला की लेटी खिडकीत यायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, ती कधी आली नव्हती. आता फाटकाशी त्यानं वळून पाहिलं की ती हात हलवत असायची, गाल लाल, केस नीट विंचरलेले. हॅलम सुखावला. उशिरा का होईना, आपली झाली, असं त्याला वाटलं.

एका न्याहारीला ती म्हणाली, "काल जाताना किती छान हसलात."

"काल? काल मी वळलोच नाही, लेटी. पाठमोराच गेलो."

ती पावाला लोणी लावत राहिली. लोणी कडेपर्यंत नीट पसरलं, तरी ती लावतच होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं फाटकातून अचानक मागे पाहिलं. लेटी हात हलवत होती. त्यानंही हलवला. तिची नजर त्याच्यावर नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून किंचित पलीकडे लागली होती.

जूनमध्ये नेव्हस्मायरच्या माळावर जनरलसाहेबांसमोर संचलन होतं. ॲस्टलीचं पथक आता हॅलमच्या हाताखाली होतं. अधिकाऱ्यांच्या बायकांच्या बग्ग्या मागे, लिंडनच्या झाडांखाली उभ्या होत्या. ऊन स्वच्छ होतं. गवत नुकतंच कापलेलं, त्याचा वास येत होता, आणि त्यात लवंगेचा.

हॅलमनं तलवार उचलली. "पथक, पुढे चल!"

पथक निघालं. ब्रायनी मागे निघाली.

त्यानं टाच मारली, तशी ती आणखी ऐटीत मागे पाऊल टाकू लागली. मान कमानदार, चाल संचलनाची. शिपाई बाजूला होत गेले. त्यांनी वाट मोकळी केली, मेजरना करून देत तशी. कुणी हसलं नाही.

लगाम त्याच्या हातात होता. तो सैल होता, तरी ताणला जात होता.

घोडी बग्गीला टेकून थांबली.

हॅलमनं मान वळवली. लेटी उभी राहिली होती. तिला जराही नवल वाटलेलं नव्हतं. तिनं त्याच्या खांद्यावरून पुढे हात केला.

तो हात हवेत थांबला. पांढऱ्या हातमोज्यावर, बोटांच्या मुळाशी, चार बोटं हळूच दाबल्यासारखे खळगे पडले.

"लेटी," तो पुटपुटला. "मी आहे."

"हो," ती मायेनं म्हणाली. "जरा मान बाजूला घ्या ना, टोपी येतेय मध्ये तुमची."