दोन चाळीसची ओळ

लाइट येईल तेव्हा येईल. तोवर गोष्ट ऐकायची असेल तर आधी ते मोबाइल पालथे घाला. आणि धाकट्या, तू इकडे भिंतीकडे बस. नाहीतर पाणी प्यायच्या निमित्तानं मध्येच पळशील, मागच्या वेळेसारखा.

ही कुठून तरी कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर ही वेळ आली, तो माझ्या शेजारच्या शेडमध्ये काम करायचा. मी लेथवर, तो पंपांवर. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तसा धीट गडी. पण हे मला सांगायच्या आधी त्यानं शेडमधले सगळे दिवे लावले.

तर, नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. संध्याकाळचे सव्वासात. मिस्त्री टेम्पो घेऊन हॉस्पिटलच्या तळघरात गेला, एक पंप उचलून आणायला.

पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पाण्याचा येतो. हा तसला नव्हे. हा हवा ओढतो. दुधाची पावडर करा, औषधं सुकवा, खाऊच्या पाकिटातली हवा काढा, सगळीकडे हाच राबतो. हॉस्पिटलात त्याचं काम फार नाजूक. पंप तळघरात, आणि तिथून नळ्या भिंतीतून वर वॉर्डात. ज्याला घशातला कफ काढता येत नाही त्याच्या घशात नर्स बारीक नळी घालते, आणि तळघरातला पंप तो कफ ओढून घेतो. ओढ थांबली, तर माणूस स्वतःच्याच घशात बुडतो.

तिथं असे दोन पंप होते. एक दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेला आणि दुसरा चालू. चालू होता त्याला धाप लागली होती. मिस्त्रीला ते नुसत्या कानानं कळलं आणि त्यानं वर छताकडे बघितलं. कारण वर दुसऱ्या मजल्यावर त्याची ताई होती. घशाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. आई गेल्यावर या ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिच्या मुलीची जुनी पाटी उशाशी ठेवलेली. मिस्त्री भेटायला वर गेला, तेव्हा तिनं पाटीवर लिहिलं, ‘जेवलास का?’ स्वतःच्या घशात नळी, आणि काळजी याच्या जेवणाची!

“सकाळी आठाला पंप बसवतो,” तळघरातल्या माणसाला शब्द देऊन तो निघाला.

आता मिस्त्रीच्या मनातलं एक जुनं कुसळ सांगतो. ते त्यानं फक्त मला दाखवलं होतं.

दुरुस्त केलेला पंप लगेच द्यायचा नसतो. त्याचं तोंड झाकणानं बंद करायचं, मीटर लावायचा आणि सलग आठ तास चालवायचा. दर अर्ध्या तासानं काटा बघून आकडा कार्डावर लिहायचा. सोळा रकाने. त्यात एकच काम, जागं राहणं, आणि तेच जिवावर येतं. दीड वर्षापूर्वी हाच पंप त्याच्याकडे आला होता. तेव्हा त्यानं हवा अडवणारं रबरी सील जुनंच ठेवलं, आणि सोळाच्या सोळा आकडे चहा पिता पिता दहा मिनिटांत मनानंच भरून टाकले. वर शहाणपणा असा, की मध्ये पेन बदललं, एका रकान्यावर तेलकट अंगठा उमटवला. कार्ड इतकं खरं दिसलं की त्याचं त्यालाच खरं वाटलं.

पंप बसवल्यावर पाचव्या रात्री, दोन चाळीसला, वॉर्डातली ओढ गेली. खिडकीजवळच्या खाटेवर एक रिटायर्ड पोस्टमास्तर होते. सकाळी त्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

मिस्त्रीला कुणी विचारलं नाही. कार्ड चोख होतं ना!

तर त्या गुरुवारी त्यानं पंप पूर्ण खोलला. धुतला, नवी पाती घातली, नवं सील बसवलं, नवं तेल भरलं. पण ताईपाशी जायची घाई डोक्यात. अकराला चाचणी सुरू झाली, म्हणजे सकाळचे सात वाजणार. शेडमध्ये तो एकटा. बाहेरचा रस्ता सामसूम. पंपाचा घुं-घुं आवाज आणि गरम तेलाचा वास.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. भाची होती, वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्र काढणारी.

“मामा, आई घाबरलीये. नर्स म्हणते, सारखं पाटीवर लिहितेय, ‘तो कुठंय?’ तुम्ही येता का?”

“आलोच,” मिस्त्री म्हणाला.

फोन ठेवला आणि कार्डाकडे बघितलं. सहा आकडे खरे होते. दहा रकाने रिकामे. काटा तर छान स्थिर होता… त्यानं पेन उचललं. ताईसाठीच तर चाललोय, असं मनाला समजावलं. दहा रकाने भरले. मध्ये पेनही बदललं. सवय, दुसरं काय!

मग पंप बंद करायला उठला. आणि काटा हलताना दिसला.

थोडा वर. थोडा खाली. पुन्हा वर…

मिस्त्रीनं मीटरवर टिचकी मारली. काटा हलतच राहिला. पंपाचं तोंड बंद. आत हवा शिरायला जागा नाही. मग हे वर-खाली कशाचं? तो बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की आपलीही छाती त्याच तालावर चाललीये.

श्वास होता तो. म्हाताऱ्या माणसाचा. अडकत अडकत घेतलेला.

त्यानं झटकन बटण दाबलं. मोटर घरघरत थांबली. शेड चिडीचूप.

काटा… हलतच होता.

आणि आतून आवाज आला. घळघळ… घळघळ… घशात काही अडकलं की येतो तसा.

मिस्त्री दोन पावलं मागं सरला. मग कारागिराचं डोकं चाललं. आत तेल उसळत असेल. झाकण काढू, हवा आत जाईल, सगळं शांत होईल. त्यानं बोल्ट सैल केले, झाकण उचललं. हवा फुसकन आत शिरायला हवी होती.

शिरली नाही.

तोंड नुसतं उघडं. काळं. गोल.

आता तुम्हाला या लोकांची एक खोड सांगतो. ओढ बघायला ते पंपाच्या तोंडावर तळहात ठेवतात. हजार वेळा ठेवलेला असतो. त्या रात्रीही हात आपोआप गेला. पंप बंद असताना.

आणि पंपानं हात धरला.

त्यानं ओढला. सुटेना. पाय टेकवून ओढला. सुटेना! तळहाताखाली गार, ओलसर… काहीतरी ओढत होतं. थांबत होतं. पुन्हा ओढत होतं. भिंतीवरचं घड्याळ समोरच.

दोन चाळीस.

“चुकलो,” तो म्हणाला. “चुकलो हो, मास्तर…”

घळघळ.

दोन त्रेचाळीस. हात बधिर. दोन सेहेचाळीस. त्याला रडू फुटलं. एवढा बाप्या माणूस, पण ताईला हाक मारत रडला, असं मला स्वतः सांगितलं त्यानं.

“उघडतो. पुन्हा उघडतो पंप. आठ तास बसतो… खरंच बसतो.”

दोन पन्नास.

हात सुटला.

तळहातावर लालभडक गोल वळ. काटा शून्यावर, गप्प. त्यानं भरलेलं कार्ड फाडलं आणि पंप खोलला. नवं सील बाहेर काढून दिव्यापुढे धरलं. सीलच्या ओठाला बारीकशी चीर होती. पंपाच्या दांड्यावर चढवताना दांड्याच्या खाचेला घासून कापलं होतं. घाईत दांड्यावर पट्टी गुंडाळायची राहून गेली होती. तसाच पंप बसवला असता तर चार-पाच रात्री छान चालला असता. मग…

त्यानं दुसरं सील घेतलं, या वेळी पट्टी गुंडाळून चढवलं. चार वाजता चाचणी पुन्हा सुरू. भाचीला फोन केला.

“पंप घेऊनच येतो, पण आठाला नाही जमणार गं. बारा वाजतील पूर्ण व्हायला.”

“या सावकाश. आई झोपलीये म्हणतात शांत.”

आणि तो बसला. तिकडे धाप लागलेल्या पंपावर ताईचा जीव, आणि इकडे हा दर अर्ध्या तासाला एक आकडा लिहितोय. त्या आठ तासांत माझे केस पिकले, असं तो म्हणायचा. पिकलेही होते, मी बघितले.

बारा वाजता काटा जागच्या जागी. साडेबाराला पंप तळघरात. बसवून, चालू करून, मिस्त्री जिना चढून वॉर्डात धावला.

ताई उशीला टेकून बसली होती. त्याला बघून हसली. त्यानं तिच्या पायांवर डोकं टेकलं.

रात्रपाळीची नर्स मुद्दाम थांबली होती. त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “दादा, रात्री खालचा पंप बंद पडला होता. दोन चाळीसला. दहा मिनिटं. बाकीच्यांना आम्ही पायाच्या पंपावर सांभाळलं. तुमच्या ताईंकडे धावले, तर भिंतीवरचा काटा शून्यावर… आणि त्यांची नळी मात्र ओढत होती.”

मिस्त्रीनं तळहाताकडे बघितलं. वळ अजून तसाच होता.

ताईनं त्याला खूण केली. उशाची पाटी पुढे केली.

पाटीवर आकडे होते. एकाखाली एक. रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत, दर अर्ध्या तासाचे. चारशे, चारशे, तीनशे नव्वद… भिंतीवरच्या काट्याचे. अक्षर रेखीव, जुन्या वळणाचं, पोस्टाच्या पावतीवर असायचं तसं. आणि मध्येच एक जादा ओळ. ‘२.४० – ०’.

“तू लिहिलंस?” त्यानं विचारलं.

ताईनं मान हलवली. नाही. मग बोट दाखवलं, खिडकीजवळच्या खाटेकडे.

खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली.

ताई बरी होऊन घरी आली. पुढं चांगली बारा वर्षं जगली. पण ती पाटी काही मिस्त्रीला घरात ठेववेना. माझ्याकडे आणून दिली. मी ओल्या फडक्यानं पुसली. सगळे आकडे गेले. ती एक ओळ राहिली. घासली, साबण लावला, तरी राहिली.

आतल्या कपाटात आहे, वरच्या फळीवर. ज्याला बघायचीये त्यानं बघा. फक्त त्या ओळीवरून बोट फिरवू नका…

एवढी वर्षं झाली. ती अजून ओली लागते.